अण्णांचा बॉयलर

राधाकृष्ण येळवंडे यांना सोनईत सगळे अण्णा म्हणत आणि अण्णा आपल्या बाथरूममधल्या गिझरला बॉयलर म्हणत. भिंतीवर टांगलेलं ते पांढरं पिंप कितीसं, दोन बादल्या पाणी मावेल एवढं. पण अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले की हात आपोआप पाठीमागे बांधले जात आणि मान थोडी वर होई. "लहान हाय, पर खानदान बॉयलरचंच हाय," असं ते सांगत.

अण्णांची उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे गेली. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत ते घरात फक्त झोपायला येत. काचेच्या नळीत पाणी किती दिसतंय ते बघायचं, वाफेचा काटा बघायचा आणि भट्टीत उसाचं चिपाड नीट पडतंय का ते बघायचं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामात डुलकी लागली तर काय होतं ते त्यांनी एकदा दुसऱ्याच्या पाळीत पाहिलं होतं. त्याविषयी ते कधी बोलत नसत. उजवी भुवई मात्र अर्धी जळून गेली होती, ती परत उगवली नाही. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काच लावून देवघराशेजारी टांगलेलं होतं. रतनबाई रोज देवांच्या तसबिरी पुसताना त्यावरूनही फडकं फिरवत.

रतनबाई म्हणजे त्यांची बायको. धिप्पाड, मोठ्यानं हसणारी. बायकांत बसली की म्हणायची, "आमच्या ह्यांचं लगीन माझ्यासंगं उन्हाळ्यापुरतंच. हिवाळ्यात ते बॉयलरचं." अण्णा दिवसा झोपलेले असताना तिनं दोन्ही पोरांना कुजबुजत वाढवलं. अण्णा निवृत्त झाले आणि मग कुठे नवरा-बायको हिवाळ्यात एकमेकांशेजारी बसायला लागले, तर गेल्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू पार गेली. हात नाही, पाय नाही, त्या बाजूला चिमटा काढला तरी कळत नाही. बोलणंही गेलं.

तेव्हा थोरली मुलगी सविता शिर्डीहून गाडी घेऊनच आली होती. तिच्या नवऱ्याचं प्रसादाचं दुकान चांगलं चालतं, घरी कामाला बाई आहे, दवाखाना जवळ आहे. "आईला मी नेते," ती म्हणाली. अण्णांनी दारातच खुर्ची टाकली आणि बसले.

"ती तिच्या घरात ऱ्हाईल."

"करणार कोण अण्णा तिचं? तुम्ही?"

"अश्विनी हाय. मी हाय."

सविता बरंच बोलली, रडली. जाताना म्हणाली, "ठीक आहे. पण तिची आबाळ झालेली मला दिसली ना, तर त्या दिवशी घेऊन जाईन. मग कुणी मध्ये बोलायचं नाही."

"न्हाई बोलनार," अण्णा म्हणाले.

अश्विनी म्हणजे सून. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही बोलायचं म्हटलं असतं तरी काय बोलणार होती? तिनं ब्लाउज शिवायचं काम सकाळचं दुपारवर ढकललं आणि पदर खोचला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज कोमट पाण्यानं अंघोळ घाला, मग तेल चोळा, आखडलेली बाजू सैल राहील. परसात चूल होती, पण चुलीवरून पाणी आणायचं, सासूला उचलायचं आणि पोळ्याही लाटायच्या, हे एकीच्यानं होईना. म्हणून कल्याणनं, अण्णांच्या मुलानं, गिझर आणला. तो नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. उजाडायच्या आत मोटारसायकलवर घोडेगाव गाठायचं, पुढं कंपनीची बस. गिझर बसवला आणि त्यानं आपल्या परीनं आईची सेवा केली.

पहिले काही महिने बरे गेले. रतनबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अश्विनी तांब्यानं पाठीवर पाणी सोडायची तेव्हा त्यांचा चेहरा उघडायचा. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हातानं त्या सुनेचं मनगट धरायच्या आणि आणखी ओत म्हणून खूण करायच्या. दिवसभरात तेवढंच एक सुख त्यांना उरलं होतं. अण्णा बाहेर पडवीत बसून ते पाण्याचे आवाज ऐकत.

थंडी सुरू झाली आणि गिझर बंद पडायला लागला.

परवेझ सोनईतलाच. बाजारपेठेत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं दुरुस्त करायचा. त्यानं गिझरचं खालचं झाकण उघडलं, एक काळी पडलेली चकती बाहेर काढली.

"थर्मोस्टॅट गेला वहिनी. पाणी तापलं की हाच वीज तोडतो. हा जळाला की संपलं."

नवा बसवला. आठवडाभरात तोही गेला.

"पाणी नसताना बटण दाबता का तुम्ही? कोरडाच तापलेला दिसतोय."

अश्विनी म्हणाली, "नळ सोडून बघते की मी आधी. रोज."

"बघा बरं का. सकाळच्या घाईत राहतं."

"बघते म्हटलं ना!"

तिसऱ्या वेळी परवेझनं कॉईल बाहेर काढली. तिच्यावर पांढऱ्या खाराचा जाड थर होता. अण्णा मागे उभे होते. त्यांनी तो नखानं खरवडला आणि समाधानानं मान हलवली. "बोअरचं पानी. खार बसनारच. बॉयलर साफ ठेवाय लागतो."

"व्हय अण्णा. म्हणून नवी कॉईलच टाकतो."

पुढच्या वेळी परवेझनं व्होल्टेज मोजलं, सकाळचं आणि संध्याकाळचं. वायर बदलली. प्लग बदलला. त्याला काही समजेना आणि ते तो लपवतही नव्हता. "ह्या गिझरपेक्षा माझी बायको कमी रुसते हो वहिनी," तो म्हणाला. अश्विनी हसली नाही. ती त्या दिवशीही चुलीवरून पाण्याचे हंडे वाहत होती आणि पदराला धुराचा वास येत होता.

"तुमच्या घरात दुसरं कुणी हात लावतं का याला?"

"कोण लावणार? हे पहाटे जातात, गार पाण्यानंच अंघोळ करतात. अण्णा तर बटणाला हातच लावत नाहीत."

ते खरं होतं. कारखान्यात विजेचं काम वायरमनचं, बॉयलरचं काम अटेंडंटचं. दुसऱ्याच्या कामात बोट घातलं की साहेबापर्यंत जायचं. अण्णा घरातसुद्धा दिवा लागत नसला तर अश्विनीला हाक मारत.

घरातलं बोलणं हळूहळू अश्विनीभोवती गोळा झालं. कल्याण रविवारी म्हणाला, "तूच काहीतरी करतीस. कंपनीत एक मशीन असं सारखं बंद पडायला लागलं की आधी ऑपरेटर बदलतात."

"मग बदला," अश्विनी म्हणाली. "मी माहेरी जाते चार दिवस. बघू कोण अंघोळ घालतं तुमच्या आईला."

कल्याण पेचकस घेऊन स्टुलावर चढला आणि त्यानं थर्मोस्टॅट मधून काढूनच टाकला. वायर सरळ कॉईलला जोडली.

"डायरेक्ट केलंय. आता जळायला त्यात काही राहिलंच नाही. फक्त घड्याळ बघून बंद करायचं. पंधरा मिनिटं, बास."

"आणि विसरले तर?"

"विसरायचं नाही."

अश्विनी विसरली नाही, तेच या गोष्टीतलं वाईट. त्या दिवशी सकाळी तिनं नळ सोडून पाणी पाहिलं, बटण दाबलं, घड्याळ पाहिलं. चहा टाकला. अण्णा बाथरूमला जाऊन आले. वेळ झाल्यावर तिनं बटण बंद केलं, सासूला उचलून खुर्चीत बसवलं, बादली खाली सरकवली आणि गरम पाण्याचा नळ उघडून सासूच्या ब्लाउजचे हूक काढायला वळली. गारव्याच्या दिवसांत बाथरूममध्ये रोजच वाफ होते. आजही झाली. नळातून फुरफुर आवाज आला, पाणी बादलीबाहेर उडायला लागलं आणि रतनबाईंच्या उजव्या पावलावर पडत राहिलं. त्या अश्विनीकडे बघत होत्या. तोंडावर दुखल्याची रेघसुद्धा नव्हती. ते पाऊल त्यांचं राहिलंच नव्हतं.

अश्विनीनं वळून पाहिलं तेव्हा कातडी सुटली होती. ती ओरडली आणि उकळत्या धारेतूनच हात घालून तिनं नळ बंद केला. तिची ओरड ऐकून रतनबाई घाबरल्या आणि रडायला लागल्या. कशासाठी रडायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

दवाखान्यातून पायाला पट्ट्या बांधून आणलं. मधुमेहही होता, जखम भरायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कल्याण कामावरून परत आला आणि त्यानं सविताला फोन केला. दुपारी गाडी दारात उभी राहिली.

सविता आईच्या पायाशी बसून आधी नुसती रडली. मग उठली.

"अश्विनी, तू पाण्यात हात घालून बघत नाहीस?"

"ताई, बादली भरल्यावर बघते ना. ती भरायच्या आतच—"

"म्हणजे बघितलं नाहीस."

"नळातून उकळतं पाणी येईल असं मला कसं कळणार होतं?"

"तुझ्या आईला घातली असती अशी अंघोळ?"

अश्विनीच्या मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते. ती तो हात पदराखाली धरून उभी होती. कल्याण खाटेच्या कडेला बसून मोबाईलकडे बघत होता.

"तुलाही विचारतेय मी कल्याण. काय बघत होतास तू?"

"मी कामावर होतो ताई," तो म्हणाला.

अण्णा तिथून उठून बाथरूमकडे गेले. परवेझला अश्विनीनंच बोलावलं होतं. त्यानं झाकण उघडलं होतं आणि आत डोकावून तो उभ्या जागी थिजला होता.

"अण्णा, हे डायरेक्ट कुणी केलं? मी असलं करत नाही. कधीच नाही."

अण्णांनी समोरच्या खोलीकडे पाहिलं. कल्याणला स्टुलावर चढताना त्यांनी पाहिलं होतं.

"बरं. पण डायरेक्ट असलं तरी एवढ्या वेळात सगळं पाणी असं उकळत नाही. निम्मंच असेल तर उकळेल." परवेझ वरच्या नळीकडे बघायला लागला. "हा व्हॉल्व्ह बघा. टाकीतून पाणी येतं तो. जेमतेम दोऱ्याएवढा उघडा आहे. हा कुणी फिरवला?"

"म्या," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी ऐटच होती. "गरम बॉयलरात गार पानी एकदम सोडत न्हाईत. नळ्या फुटतात. हळूहळू घ्यायचं असतं."

परवेझ टाचांवर बसला. "गरम का होता पण? आणि पाणी परत का भरत होता?"

"ब्लोडाऊन मारल्यावर भराया नको?"

"काय मारल्यावर?"

मग अण्णांनी नव्या पोराला समजावतात तसं समजावलं. पाण्यातला खार खाली बसतो. आठवड्यातून एकदा तरी तो काढावा लागतो. पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, खालची तोटी उघडायची, गढूळ पाणी जाऊ द्यायचं. पण बॉयलर तापलेलाच पाहिजे, जाळ चालूच पाहिजे. थंड झाला की गाळ चिकटून बसतो, मग निघत नाही. आयुष्यभर असंच केलं. थंडी सुरू झाल्यावर पाणी जास्त लागायला लागलं, खारही जास्त यायला लागला, म्हणून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. अश्विनीनं बटण दाबलं की चहाच्या आधी.

"आणि बटण?"

"बटनाला मी हात लावत न्हाई. त्ये माझं काम न्हाई."

परवेझनं खालच्या तोटीला बोट लावून पाहिलं.

"आत पानी किती ऱ्हातं ते मी ठोकून बघतो," अण्णा म्हणाले. "कान लावून. याला काचेची नळीच न्हाई दिलेली." पुढे ते बोलायचे थांबले. आपलंच बोलणं त्यांना आता दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं ऐकू येत होतं. पाणी कमी आणि जाळ चालू. कारखान्यात एवढ्यावर माणसं मेली होती. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"म्हंजे दर वेळी?"

"दर वेळी कॉईल उघडी पडत होती अण्णा. थर्मोस्टॅट त्यानंच जळत होता."

समोरच्या खोलीतून सविताचा आवाज येत होता. ती अश्विनीला विचारत होती की आईला खायला तरी वेळेवर देतेस ना.

परवेझनं आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो अण्णा. मी सांगतो पार्ट खराब निघाला. माझ्या दुकानातून आलेला. होतं असं कधीकधी. वहिनीवरचा आळही जाईल, तुमच्यावर येणार नाही. रतनबाई इथंच राहतील. दुसरा गिझर बसवू."

मोह मोठा होता. रतनबाई घरात राहिली असती. उद्या सकाळी पडवीत बसलं की पाण्याचे आवाज आले असते.

"आन् गावात तुझ्याकडं कोन येईल मग?"

"ते मी बघतो."

"न्हाई रं बाबा," अण्णा म्हणाले आणि समोरच्या खोलीत गेले.

ते दारात उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले नव्हते. कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

"सविता, तिला बोलू नको. म्या केलंय ह्ये."

"काय केलंय अण्णा?"

"पानी म्या काढून टाकत हुतो. चालू बॉयलरातलं. तिला ठाव न्हाई, कुनालाच ठाव न्हाई. पोरीनं समदं नीट केलं हुतं."

त्यांनी सगळं सांगितलं. वायर डायरेक्ट केल्याचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायचं त्यांनी कल्याणसाठी ठेवलं. अश्विनी कल्याणकडे बघत होती. कल्याणनं मोबाईल खिशात घातला आणि परत बाहेर काढला.

सविताचा राग जागच्या जागी निवला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती बापाकडे लहान मुलाकडे बघावं तशी बघायला लागली.

"अण्णा, तुमचं वय झालंय. तुमचा दोष नाही," ती हळूच म्हणाली. "पण मग मी तिला कशी ठेवू इथं? तुम्हीच सांगा. अश्विनीची चूक असती तर मी तिला दोन शब्द बोलले असते, बाई लावून दिली असती. तुमच्यावर कोण लक्ष ठेवणार?"

अण्णांनीच शब्द दिलेला होता, मध्ये बोलायचं नाही असा.

सामान फारसं नव्हतंच. पातळं, औषधं, तेलाची बाटली. अश्विनीनं ते एका हातानं भरलं. रतनबाईंना खुर्चीसकट उचलून गाडीशी नेलं. आजारपणानंतर त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, हां. भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां.

"आई, माझ्याकडं येतेस ना?" सवितानं विचारलं.

"हां."

अण्णा गाडीच्या खिडकीशी वाकले. "का ऱ्हातीस हितंच?"

"हां," रतनबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं त्यांनी अण्णांच्या सदऱ्याचं बटण धरलं. सवितानं ती बोटं एकेक करून सोडवली. गाडी शनिशिंगणापूरच्या रस्त्याकडे वळेपर्यंत अण्णा तिथंच उभे होते. शेजारच्या रंगुबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "बरं झालं अण्णा, लेकीकडं सुखात ऱ्हाईल ती." अण्णांनी मान हलवली.

संध्याकाळी अश्विनीनं स्वयंपाक केला. अण्णांचं ताट वाढलं, स्वतःचं घेतलं. कल्याण पाटावर येऊन बसला आणि वाट बघत राहिला.

"मला नाही वाढलंस?"

"हातानं घ्या," ती म्हणाली. "तुम्ही कामावर होतात."

कल्याण बापाकडे बघायला लागला. अण्णा भाकरी कुस्करत होते, वर बघत नव्हते. त्यानं उठून स्वतःचं वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर सविताचा फोन आला. आई पोचली, थोडा भात खाल्ला, पट्टी कोरडी आहे. अश्विनीनं फोन अण्णांकडे दिला.

"उद्या तिला अंघोळ घालनार का गं?"

"नाही अण्णा, जखम आहे ना. अंग पुसून घेऊ."

"पुसायला पानी कोमट घे. आदी तुझा हात बुडीव. तिला न्हाई कळत."

"कामाच्या बाईंना सांगते मी."

"बाईला न्हाई. तू सोता."

"अण्णा, आम्हाला कळतं ते," सविता म्हणाली. आवाजात चीड नव्हती. "तुम्ही झोपा आता."

"व्हय," अण्णा म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला होता, तरी ते काही वेळ तो कानाशी धरून बसले, आत पाणी किती उरलंय ते ऐकावं तसे. मग त्यांनी तो अश्विनीपुढे धरला. बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं.